सेव्हन-धर्तीच्या किट कारचा गिअर अडकलाय : टनेल उघडायचा की इंजिन उतरवायचं?

मिडलँड्सकर

नमस्कार मंडळी. इथे जीप, जुन्या फियाट आणि बुलेट हाताने दुरुस्त करणारे बरेच जण आहेत, म्हणून हा प्रश्न इथेच टाकतोय.

माझ्याकडे इंग्लंडात घरगुती बांधणीची एक किट कार आहे. लोटस सेव्हनच्या धर्तीची : दोन सीट, दरवाजे नाहीत, चौकोनी नळ्यांची जाळीदार चासी, त्यावर अॅल्युमिनियमचे पत्रे. आतला सगळा ऐवज जुन्या फोर्ड सिएराचा. दोन लिटरचं पिंटो इंजिन, त्यामागे पाच गिअरचा टाइप ९ गिअरबॉक्स आणि मागच्या चाकांना ड्राइव्ह. ज्यांनी बांधली त्यांच्याकडूनच घेतली, काम सुबक आहे.

परवा उतारावर चौथ्यातून तिसरा टाकला आणि लिव्हर एकदम सैल पडला. पुढे-मागे, डावी-उजवीकडे कसाही फिरतो, पण गिअर तिसऱ्यातून निघत नाही. क्लच सांभाळत तशीच तिसऱ्यावर घरी आणली.

या गाड्यांत गिअरबॉक्स दोन सीटच्या मधल्या टनेलमध्ये असतो. माझ्या गाडीत टनेलचा वरचा पत्रा पॉप रिव्हेट मारून आणि सीलंट लावून कायमचा बसवलाय. फक्त लिव्हरभोवती हात जाईल एवढं भोक आहे. खालून काढावं तर चासीच्या आडव्या नळ्या वाटेत येतात. पुढून काढायचं तर इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र क्रेनने उचलावे लागतील. तिसरा मार्ग म्हणजे रिव्हेट उडवून टनेल वरून उघडणं आणि गिअरबॉक्स जागेवर ठेवून त्याचं टॉप कव्हर काढणं.

कोणता मार्ग धरू? आणि टनेल काढल्याने चासी कमकुवत होईल का?

जीपवाला_कोल्हापूर

दादा, आधी पाना खाली ठेवा. गिअर अडकला म्हणजे बॉक्सच गेला असं नसतं.

पहिलं, इंजिन बंद असताना लिव्हर हलतो का बघा. इंजिन बंद असताना गिअर नीट पडतात आणि चालू झालं की पडत नाहीत, असं असेल तर दोष क्लचचा. केबल ताणलेली असेल, नाहीतर क्रँकच्या टोकाचं छोटं पायलट बेअरिंग जाम झालं असेल. ते जाम झालं की क्लच दाबला तरी इनपुट शाफ्ट इंजिनाबरोबर फिरत राहतो.

दुसरं, मागची चाकं उचला, घोड्या लावा, पुढच्या चाकांना अडण्या द्या. एकाला क्लच दाबून धरायला सांगा आणि प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे बॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा, हाताने फिरवा. फिरला तर बॉक्समध्ये एकच गिअर पडलाय. अजिबात फिरला नाही तर दोन गिअर एकदम पडलेत, म्हणजे दोन गिअर एकदम पडू न देणाऱ्या इंटरलॉकचा घोटाळा. चाक फिरवून ठरवू नका. साधा डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांत ड्राइव्ह वाटणारा) असेल तर शाफ्ट जखडलेला असतानाही एक चाक पुढे फिरवलं की दुसरं उलट फिरतं, आणि बघणाऱ्याला वाटतं सगळं मोकळं आहे. इथे बरेच जण फसतात.

तिसरं, लिव्हर बाहेर काढा. टाइप ९ मी उघडलेला नाही, पण लिव्हरच्या खालच्या गोळ्यावर प्लॅस्टिकची वाटी असेल तर ती फुटली तरी लिव्हर असाच सैल पडतो. तेवढंच निघालं तर टनेलला हातही लावायला नको.

मिडलँड्सकर

जीपवाले, मनापासून आभार. सगळं तुम्ही सांगितलेल्या क्रमाने केलं.

इंजिन बंद असतानाही लिव्हर सैलच. क्लच दाबल्यावर प्रोपेलर शाफ्ट फिरतो, म्हणजे गिअर एकच पडलाय. लिव्हर काढला, खालची नायलॉनची वाटी शाबूत आहे. मग लिव्हरच्या भोकातून टॉर्च मारून आतला सिलेक्टर शाफ्ट लांब स्क्रू-ड्रायव्हरने ढकलून पाहिला. शाफ्ट पुढे-मागे सरकतो, वळतोही, पण त्याच्याबरोबर आत काहीच हलल्याचं जाणवत नाही.

उत्तरा_डर्बी

मग पिन तुटलीय, नव्वद टक्के. टाइप ९ माझ्या हाताखालून गेलाय म्हणून सांगते.

या बॉक्समध्ये लिव्हरपासून पुढे एकच लांब सिलेक्टर शाफ्ट जातो. मुख्य केसिंगमध्ये त्या शाफ्टवर एक बॉस असतो, म्हणजे बोट असलेला लोखंडी तुकडा. ते बोट हव्या त्या फोर्कच्या खाचेत शिरून त्याला ढकलतं, आणि फोर्क गिअर जोडणारी स्लीव्ह सरकवतो. बॉस शाफ्टला एका रोल पिनने जखडलेला असतो. पिन कापली गेली की शाफ्ट एकटाच सरकतो आणि बॉस, फोर्क, स्लीव्ह तिथल्या तिथे राहतात. तुमचा तिसरा गिअर तसाच राहिलाय.

यात चांगली गोष्ट अशी की गिअर, सिंक्रो (गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या रिंगा), बेअरिंग यांना सहसा काही झालेलं नसतं, आणि पिन टॉप कव्हर काढल्यावर वरून दिसते. इंजिन उतरवण्याची गरज नाही. पण पिनेचे तुकडे आत कुठे पडलेत ते सापडेपर्यंत गाडी एक फूटही चालवू नका. कडक पोलादाचा तुकडा दोन दात्यांमध्ये सापडला तर पिनेच्या किमतीत गिअरसेट घालवाल.

ताम्हिणी

चासीच्या प्रश्नाचं उत्तर मी देते. पुण्यात वाहनांच्या स्ट्रक्चरवरच काम करते.

टनेल हा शब्द प्रत्येक गाडीत वेगळ्या वस्तूला लावला जातो, त्यामुळे "टनेल काढला, काही झालं नाही" असं कोणी सांगितलं तर आधी विचारा, कुठल्या गाडीचा.

लोटसच्याच दोन गाड्या घ्या. कॉलिन चॅपमनने १९५७ मध्ये सेव्हन आणली, तिची चासी नळ्यांच्या जाळीची. १९६२ मध्ये एलान आली, तिच्यात वाकवलेल्या पोलादी पत्र्याचा पेटीसारखा कणा मधून जातो आणि दोन्ही टोकांना फाटे फुटून इंजिन आणि सस्पेन्शन धरतो. एलानमध्ये तुम्ही ज्याला टनेल म्हणाल तीच चासी आहे, तो उघडण्याचा प्रश्नच येत नाही. तिसरा प्रकार कोब्रा या जुन्या स्पोर्ट्स कारच्या फायबरग्लास प्रतिकृतींचा. त्यांतल्या पुष्कळ गाड्यांत खाली वेगळी पोलादी चासी असते आणि टनेल म्हणजे वर चिकटवलेलं फायबरचं आवरण. ते कापून परत लॅमिनेट करता येतं, धूळ आणि वास सहन करण्याची तयारी असेल तर.

तुमची पहिल्या प्रकारातली. टनेलच्या चारही कडांना नळ्या असतील, दोन वर, दोन खाली, आणि बाजूंना तिरक्या. गाडीचा पीळ, म्हणजे एक पुढचं चाक खड्ड्यात गेल्यावर चासी जी मुरडते तो, मुख्यतः या नळ्या आणि तिरके दुवे पेलतात. बाजूचे पत्रे नळ्यांना रिव्हेट आणि चिकटद्रव्याने घट्ट बसवलेले असतील तर तेही कातर-भार घेतात. वरचा पत्रा त्या मानाने कमी घेतो. म्हणून :

वरचा पत्रा खुशाल काढा. बाजूच्या पत्र्यांना हात लावू नका. आणि नळी एकही कापू नका, "फक्त एवढी एक आडवी नळी वाटेत येतेय" असं कितीही वाटलं तरी. ती नळी पुन्हा वेल्ड करता येते, पण इंजिन जागेवर ठेवून, पेट्रोलच्या नळीपासून वीतभर अंतरावर, गाडी स्टँडवर मुरडलेली असताना केलेलं वेल्ड मी तरी मान्य करणार नाही.

वरचा पत्रा काढलेला असताना गाडी रस्त्यावर आणू नका. त्याचं कारण ताठरपणा नाही, प्रोपेलर शाफ्ट. तो तुमच्या कोपरापासून काही इंचांवर, चौथ्या गिअरमध्ये इंजिनाच्याच वेगाने फिरतो. युनिव्हर्सल जॉइंट तुटला तर तुमच्या आणि त्याच्यामध्ये असतं ते फक्त टनेल.

नवशिक्या_पुणे

फार माहितीपूर्ण धागा! एक शंका. अशी गाडी आपल्याकडे बांधून रस्त्यावर आणता येईल का?

ताम्हिणी

थोडक्यात सांगते, विषय वेगळा आहे. ब्रिटनमध्ये घरी बांधलेल्या एकेका गाडीची तपासणी करून तिला मान्यता देण्याची पद्धत आहे, आयव्हीए म्हणतात तिला. आपल्याकडे छंदाने बांधणाऱ्यासाठी तशी सोपी वाट नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल पाहा. नोंदणीकृत गाडीतही निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत. खासगी जागेत, ट्रॅकवर, कॉलेजच्या स्पर्धांसाठी जरूर बांधा.

जीपवाला_कोल्हापूर

ताम्हिणीताईंचं नळीबद्दलचं म्हणणं शंभर टक्के पटलं.

जुन्या विलीज धर्तीच्या जीपमध्ये गिअरबॉक्सवरचा फ्लोअरचा पत्रा बोल्टने बसवलेला असतो. बोल्ट काढा, पत्रा उचला, खाली बॉक्सचं टॉप कव्हर हाताशी. ज्याने ती आखली त्याला ठाऊक होतं की हा बॉक्स कधीतरी, रानात कुठेतरी उघडावा लागणार. तुमच्या गाडीतही पत्रा परत लावताना रिव्हेट मारू नका, बोल्टने लावा.

उत्तरा_डर्बी

टनेल उघडताना काय सांभाळायचं ते लिहिते. हे काम बॉक्सच्या कामापेक्षा जास्त जोखमीचं आहे.

बॅटरीची निगेटिव्ह केबल आधी काढा. या गाड्यांमध्ये ब्रेकची नळी, हँडब्रेक केबल, मागची वायरिंग, कधी पेट्रोलची नळी आणि बॅटरी मागे असेल तर तिची जाड केबल, सगळं टनेलमधूनच जातं. बांधणाऱ्याने काय कुठून नेलंय हे दर गाडीत वेगळं. लिव्हरच्या भोकातून फोनचा कॅमेरा आत घालून दोन्ही दिशांना व्हिडिओ काढा आणि कोणत्या रिव्हेटखाली काय आहे ते पत्र्यावर मार्करने लिहून ठेवा.

सीट बाहेर काढा. सीट बेल्टचे आतले बोल्ट टनेलच्या बुडाशी असतील, त्यांना शक्यतो हात लावू नका. सोडवावेच लागले तर वॉशर-स्पेसर कोणत्या क्रमाने होते त्याचा फोटो घ्या.

रिव्हेट बहुधा ४.८ मिमीचे असतील. ड्रिल बिट तेवढंच किंवा नखभर मोठं घ्या. बिटावर स्टॉप लावा, म्हणजे टोक तीन-चार मिमीच्या पुढे जाणारच नाही. स्टॉप नसेल तर लाकडाच्या ठोकळ्याला आरपार भोक पाडून तो बिटावर चढवा. ड्रिल करण्याआधी रिव्हेटच्या मधली खिळी पंचने थोडी आत ठोका, नाहीतर बिट घसरतं आणि भोक मोठं होतं. फक्त डोकं उडवायचं. डोकं बिटाबरोबर गोल फिरायला लागलं तर ड्रिल थांबवा आणि छिन्नीने हलकेच उडवा. उरलेला देठ पंचने नळीत ढकलावा लागतो. तो नळीतच राहतो आणि नंतर खुळखुळतो, त्याने बिघडत काही नाही.

सीलंटसाठी हीट गन आणि प्लॅस्टिकची पट्टी. आत पेट्रोलची नळी असेल तर हीट गन नको, पातळ तार दोन्ही हातांत धरून करवतीसारखी ओढा. जोर लावून पत्रा उचकटू नका, अॅल्युमिनियम एकदा मुडपलं की ते सपाट करणं कठीण.

सगळ्यात महत्त्वाचं : बॉक्सचं कव्हर उघडण्यापूर्वी अॅल्युमिनियमचा सगळा कीस व्हॅक्यूमने काढा, मग ओल्या फडक्याने पुसा. तो लोहचुंबकाला लागत नाही, तेलात पडला की सापडणार नाही.

जुना_मेकॅनिक

माझं मत वेगळं आहे. इंजिन-गिअरबॉक्स एकत्र बाहेर काढा. बॉक्स टेबलावर घेतला की ले-शाफ्टची नीडल बेअरिंग, सिंक्रो रिंगा, पुढचं-मागचं ऑइल सील सगळं बघता येतं. क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग, क्रँकचं मागचं सील एकाच खर्चात नवं होतं. अंगचोरीने वरून केलेलं काम वर्षभरात परत करावं लागतं, हे मी गॅरेजमध्ये आयुष्यभर पाहिलंय.

मिडलँड्सकर

काका, तुमचा मुद्दा मोलाचा आहे. क्लच घसरत असता, तिसऱ्यात घरघर असती किंवा तेल गळत असतं तर मी हेच केलं असतं. पण यातलं काहीच नाही. बॉक्स बिघडण्याच्या क्षणापर्यंत शांत होता. इंजिन काढायचं तर पाणी, मॅनिफोल्ड, कार्बुरेटर, वायरिंग, माउंट सगळं सोडवावं लागेल. जे ठीक चाललंय ते इतकं उस्कटणं मला पटत नाही. शिवाय टनेलचा पत्रा एकदा सुटा केला की पुढच्या वेळी, कोणाच्याही हाती गाडी असली तरी, बॉक्सपर्यंत पोचणं सोपं होईल. मी वरून उघडतोय.

मिडलँड्सकर

पत्रा निघाला, टॉप कव्हर निघालं, पिन सापडली! सविस्तर लिहितो.

उत्तराताईंचा व्हिडिओचा सल्ला अनमोल. पुढच्या डाव्या कोपऱ्यात वायरिंगचा जुडगा अगदी रिव्हेटला टेकून होता. तिथे ड्रिल न वापरता कानशीने डोकं घासून काढलं. पेट्रोलची नळी टनेलमधून जात नाही, त्यामुळे हीट गन वापरता आली. पत्रा सरळच्या सरळ निघाला.

टॉप कव्हरचा पुढचा भाग डॅशबोर्डखाली जातो. तिथले बोल्ट लांब एक्स्टेन्शन लावून, आडवं पडून काढावे लागले. कव्हर उचललं तेव्हा आत सोनेरी तेल, आणि दातांवर एक ओरखडासुद्धा नाही. बॉसमधली रोल पिन शाफ्टच्या कडेला कापलेली. एक तुकडा शाफ्टमध्ये, एक बॉसमध्ये, तिसरा बेपत्ता.

टाइप ९ ला तेल सोडण्याचं बूच बहुतेक वेळा नसतंच, माझ्याही नाही. म्हणून मोठ्या सिरिंजला नळी लावून वरूनच सगळं तेल उपसलं. मग लवचीक दांड्याचा लोहचुंबक केसिंगच्या तळाशी फिरवला. तिसरा तुकडा मागच्या कोपऱ्यात, गिअरपासून दूर होता. तिन्ही तुकडे कागदावर जोडून पाहिले. पिन पूर्ण झाली तेव्हा जीव भांड्यात पडला.

उत्तरा_डर्बी

वा! आता जोडणी. गिअरांवर फडकं पसरा, म्हणजे पंच मारताना काही आत पडणार नाही. शाफ्टमधला तुकडा बाहेर काढल्यावर बॉस आणि शाफ्टची भोकं बारकाईने बघा. लंबगोल झाली असतील तर नवी पिनही तशीच कापली जाईल, मग तो भागच बदलावा लागेल. भोकं गोल असतील तर नवी पिन चांगल्या प्रतीची घ्या, जुनी कधीही परत घालू नका.

पिन घालण्याआधी तिसऱ्या-चौथ्याची स्लीव्ह हाताने मधोमध आणून न्यूट्रल करा, बाकीचे फोर्कही मध्ये आहेत ना पाहा. बॉसच्या भोवती इंटरलॉक प्लेट असते, ती एका वेळी एकाच फोर्कला हलू देते. ती तिच्या खाचेत नीट बसली नाही तर दोन गिअर एकदम पडू शकतात, आणि ते चालत्या गाडीत झालं तर मागची चाकं जागच्या जागी अडतात. कव्हर लावण्याआधी लिव्हर घालून पाचही गिअर आणि रिव्हर्स टाकून बघा. दर वेळी प्रोपेलर शाफ्ट फिरवून पाहायचा.

जीपवाला_कोल्हापूर

आणि शाफ्ट न्यूट्रलला टक्कन बसतो का तेही. डिटेन्टची, म्हणजे शाफ्टला जागेवर धरून ठेवणारी, गोळी आणि स्प्रिंग बाजूच्या बुचाखाली असेल. स्प्रिंग थकली असेल तर आत्ताच बदला.

मिडलँड्सकर

दोन्ही भोकं गोल निघाली. नवी पिन बसली, स्प्रिंगही नवी घातली. सगळे गिअर पडतात, निघतात, प्रत्येकात शाफ्ट फिरतो. कव्हरला नवं गॅस्केट, बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे आवळले.

तेल कोणतं घालू? दुकानदार जीएल-५ देतोय, म्हणतोय ते वरच्या दर्जाचं.

जुना_मेकॅनिक

घेऊ नका. जीएल-५ हे मुख्यतः डिफरन्शियलच्या हायपॉइड गिअरांसाठी. त्यातल्या दाब सोसणाऱ्या गंधकयुक्त रसायनांचं प्रमाण जास्त असतं, आणि पितळी सिंक्रो रिंगांना ते मानवत नाही. या बॉक्सला जीएल-४. वरूनच भरताय तर बाजूचं बूच काढून ठेवा. तिथून वाहायला लागलं की पुरे.

काम नीट केलंत. तुकडे जुळवून पाहिलेत हे विशेष आवडलं.

ताम्हिणी

आता पत्रा. रिव्हनट वापरा, म्हणजे रिव्हेटसारखे भोकात पक्के होणारे आट्यांचे नट, नळीत बसणारे एम५, पोलादी. जुन्याच भोकांच्या जागी, अंतरं तीच ठेवा, एकाआड एक बोल्ट गाळायचा मोह टाळा. रिव्हनटसाठी भोक मोठं करावं लागेल. ते नळीच्या मधोमध राहील याची खात्री करा, कडेला गेलं तर नळीची भिंत दुबळी होते.

पोलाद आणि अॅल्युमिनियम यांच्यामध्ये ओल साचली की अॅल्युमिनियम गंजून पांढरी पूड धरतं, तुमच्याकडच्या मिठाच्या रस्त्यांवर तर हमखास. नळीवरच्या उघड्या भोकांना प्रायमर लावा आणि मध्ये निओप्रिनची पातळ पट्टी चिकटवा. पट्टीने आवाज आणि गरम हवाही अडेल.

मिडलँड्सकर

तसंच केलं. पत्रा आता पान्याने सुटतो. सीट बेल्टच्या बोल्टांना शेवटपर्यंत हात लावावा लागला नाही. आज गाडी रस्त्यावर काढली. तिसरा पडतो, निघतो, लिव्हर पूर्वीपेक्षा घट्ट वाटतो.

एकच शंका उरली. तेल भरण्याचं बूच बॉक्सच्या बाजूला, टनेलच्या उभ्या पत्र्याच्या आड आहे. त्यासमोर पत्र्याला गोल भोक पाडून रबरी झाकण बसवू का? की ताम्हिणीताई रागावतील?

ताम्हिणी

रागावणार नाही. पन्नास मिमीपर्यंतचं गोल भोक चालेल. नळीपासून आणि रिव्हेटच्या रांगेपासून निदान एका व्यासाएवढं अंतर ठेवा, कडा कानशीने गुळगुळीत करा. चौकोनी खिडकी मात्र नको, कोपऱ्यातून तडा जातो. झाकण घट्ट बसणारं घ्या, नाहीतर गरम हवा थेट पायावर येईल.

नवशिक्या_पुणे

टनेल उघडा असतानाचे फोटो टाकाल का? सिलेक्टर शाफ्ट आणि बॉस नेमके कसे दिसतात ते बघायचंय.

मिडलँड्सकर

टाकतो. कव्हर काढल्यानंतरचे आणि पिन बसवल्यानंतरचे, दोन्ही.